मुदतवाढ म्हणजे भरपाई नव्हे : सार्वजनिक कामं करून घेणाऱ्या विभागांना खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव आणि मा. मुख्य अभियंता,
राज्यातील रस्ते, पूल, इमारती, पाटबंधारे आणि पाणीपुरवठ्याची कामं करून घेणारे सर्व शासकीय विभाग, महामंडळं व स्थानिक स्वराज्य संस्था

विषय : कार्यालयीन कारणांनी लांबलेल्या कामांची नुकसानभरपाई आणि मुदतवाढीच्या वेळी घेतलं जाणारं हमीपत्र

महोदय / महोदया,

आमच्या एका पुलाच्या कामाला नुकतीच मुदतवाढ मंजूर झाली. विलंबाची कारणं मंजुरीच्या पत्रातच स्पष्ट लिहिली आहेत : एका काठाचं भूसंपादन अपूर्ण, उच्चदाब वाहिनीचे खांब हलवलेले नाहीत, पायाच्या सुधारित नकाशांना मंजुरी उशिरा. तिन्ही कारणं कार्यालयाकडची आहेत, हे कार्यालयानेच मान्य केलं. त्याखाली अट आहे : सदर मुदतवाढ विनादंड व विना नुकसानभरपाई मंजूर करण्यात येत असून या कालावधीपोटी कोणताही दावा करणार नाही असे हमीपत्र कंत्राटदाराने सादर करावे. हमीपत्र पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर हवं. ते दिल्याशिवाय पुढचं बिल हलणार नाही, हे मात्र कुठे लिहिलेलं नसतं. ते तोंडी सांगतात.

कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. हाच मजकूर, जवळपास याच शब्दांत, माझ्या ओळखीच्या कितीतरी कंत्राटदारांच्या फायलींत आहे. म्हणून पत्र आपणा सर्वांना, आणि जाहीर.

मी स्थापत्य अभियंता आहे. वडिलांनी सुरू केलेली फर्म भाऊ आणि मी चालवतो. भाऊ साइट सांभाळतो. नियोजन, बिलं आणि पत्रव्यवहार माझ्याकडे. छोटे पूल, मोऱ्या, शाळाखोल्या, पाण्याच्या टाक्या अशी आमची कामं. मोठ्या कंपन्यांकडे दावे तयार करणारे सल्लागार आणि वकिलांची फौज असते. आमच्याकडे एक अकाउंटंट आहे आणि बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे व्याजाने उचलायचं खेळतं कर्ज आहे. रखडलेला प्रत्येक महिना त्या कॅश क्रेडिटवर चढतो.

‘काम थांबलंच होतं, मग खर्च कसला?’ हे मला चांगल्या, अनुभवी अधिकाऱ्यांनी विचारलं आहे. त्याचं उत्तर नीट देते, कारण सगळं गाडं इथेच अडतं. काम थांबलेलं नसतं. पूर्ण थांबलं असतं तर आम्ही मशिनरी आणि माणसं दुसऱ्या साइटवर नेली असती. प्रत्यक्षात काम तुकड्यातुकड्यांत चालू असतं, आणि सगळ्यात महाग काम तेच.

या पुलाचंच सांगते. डावा काठ मोकळा मिळाला. उजव्या काठावर पायाची खोदाई सुरू झाली आणि मोबदला न मिळालेल्या शेतकऱ्याने काम अडवलं. त्याचं काही चुकलं नाही. जमीन त्याची, पैसे आलेले नाहीत. खड्डा अर्धवट, नदीलगत असल्याने पाझर चालू. उपसा बंद केला तर बाजू ढासळते, म्हणून पंप रात्रंदिवस चालतो, डिझेल जळतं, आणि बिल ज्यावरून निघतं त्या मोजमाप पुस्तिकेत त्या दिवसाची नोंद शून्य. सळ्या बांधणाऱ्या फिटरची टोळी डाव्या काठावर हलवली, तर तिथली आधीची लिफ्ट, म्हणजे काँक्रीटचा आधीचा टप्पा, अजून सेंटरिंगमध्ये (साच्यात), टोळी बसून. चार दिवसांनी खबर येते की उजवीकडे जायला हरकत नाही. टोळी तिकडे, प्लेटा तिकडे. मग सुधारित नकाशा येतो. जुन्या नकाशाप्रमाणे कापून, वाकवून ठेवलेले २५ एमएमचे बार भंगारात जातात, कारण एकदा काटकोनात वाकवलेली सळई सरळ करून पुन्हा वापरायची नसते. काँक्रीट मिसळणारा बॅचिंग प्लांट भाड्याचा. मोठं काँक्रीट ओतायचं नसेल तरी त्याचा ऑपरेटर, हेल्पर आणि भाडं चालूच.

डाव्या काठावर जी टोळी दिवसाला अर्ध्या टनाच्या आसपास स्टील बांधत होती, तीच माणसं उजव्या काठावर त्याच्या निम्म्यावरही पोचली नाहीत. हात तेच, मुकादम तोच, पायर, म्हणजे पुलाचा खांबही तसाच. फरक एवढाच की इथे सलग काम करायला मिळालं नाही. उत्पादकता घटली म्हणजे हेच. बिलात याला रकाना नाही, म्हणून ते घडलंच नाही असं धरलं जातं.

आता पावसाळा. नदीपात्रात पायाचं काम आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते मे एवढंच होतं. जमीन जानेवारीत मिळायची ती एप्रिलमध्ये मिळाली, तर कागदावर विलंब तीन महिन्यांचा दिसतो. पण एप्रिलमध्ये सुरू केलेली खोदाई पाणी येईपर्यंत सुरक्षित पातळीला पोचत नाही. हंगाम गेला. पुढची संधी नोव्हेंबरमध्ये. तीन महिन्यांच्या उशिराने कामाचे दहा महिने खाल्ले, आणि मुदतवाढीच्या प्रस्तावात ‘अडथळ्याचा कालावधी’ म्हणून तीनच महिने धरावेत की दहा, यावर फाईल टेबलाटेबलांवर फिरत राहते.

माणसांचंही तसंच. सेंटरिंगच्या आणि फिटरच्या टोळ्या मुकादमाला उचल देऊन आणाव्या लागतात. काम अडलं की हजेरी पडत नाही, माणसं कंटाळतात, होळीला किंवा छठला गावी जातात ती दुसऱ्याच साइटवर उतरतात. उचल बुडते. नवी टोळी येते, तिला नकाशे समजेपर्यंत, हात बसेपर्यंत पुन्हा वेळ जातो. साइट इंजिनिअरचा पगार, वॉचमन, बँक गॅरंटीचं कमिशन, विम्याची वाढीव मुदत हे खर्च तर महिन्याला ठरलेलेच. त्यात अडकून पडलेली अनामत आहे. आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे बिड कपॅसिटी, नवी निविदा भरण्याची क्षमता : हे अपूर्ण काम ‘हातातील कामां’च्या यादीत राहिल्यामुळे पुढच्या निविदेत आम्ही अपात्र ठरतो. म्हणजे या कामात तोटा, आणि दुसरं काम घेऊन तो भरून काढायची वाटही बंद.

हे नुकसान मोजता येत नाही, असं म्हणून सोडून देण्याची पद्धत आहे. जगभर ते मोजलं जातं. इंग्लंडच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेने विलंब आणि व्यत्ययासाठी मार्गदर्शक नियम २००२ मध्ये प्रसिद्ध केले आणि २०१७ मध्ये सुधारले. त्यात विलंब आणि व्यत्यय या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. काम उशिरा संपलं हा विलंब. काम वेळेत संपलं तरी विस्कळीतपणामुळे जास्त माणसं, जास्त तास लागले हा व्यत्यय. व्यत्यय मोजायची सगळ्यात भरवशाची रीत त्यांनी सांगितली आहे ती अशी : त्याच कामाचा अडथळा नसलेला भाग आणि अडथळा असलेला भाग यांची उत्पादकता शेजारी शेजारी ठेवायची. डावा काठ आणि उजवा काठ. आमच्या रोजच्या मजूर अहवालांत हे सगळं आहे.

आपली न्यायालयंही यापासून दूर नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मॅकडरमॉट विरुद्ध बर्न स्टँडर्ड या निकालात लांबलेल्या काळातला वरखर्च आणि नफा मोजायची हडसन, एम्डेन आणि आयकली ही तिन्ही सूत्रं मान्य केली. कुठलं वापरायचं ते लवादावर सोपवलं. हडसनचं सूत्र कुणालाही समजेल इतकं साधं आहे. समजा १२ कोटींचं काम, मुदत १८ महिने. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर-विश्लेषणात कंत्राटदाराचा वरखर्च आणि नफा मिळून १५ टक्के धरतात. १२ कोटींचे १५ टक्के म्हणजे १ कोटी ८० लाख. १८ महिन्यांत वाटले तर महिन्याला १० लाख. सहा महिने काम तुमच्यामुळे लांबलं, तर दाव्याची सुरुवात ६० लाखांपासून होते.

सुरुवात म्हणते, कारण पुढे पुरावा लागतो, आणि लागावाच. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाटलीबॉय विरुद्ध हिंदुस्थान पेट्रोलियम आणि युनिब्रॉस विरुद्ध ऑल इंडिया रेडिओ या दोन निकालांत बजावलं की नुसतं सूत्र मांडून पैसे मिळणार नाहीत. नुकसान खरंच झालं हे दाखवा, एकच रक्कम दोनदा धरू नका. मला हे पटतं. काम संपल्यावर सल्लागाराकडून फुगवलेला आकडा लिहून आणणारे कंत्राटदार आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या दाव्याकडेही संशयाने बघितलं जातं. पण पुरावा कुठे आहे ते बघा. हिंडरन्स रजिस्टर, म्हणजे कामातल्या अडथळ्यांची नोंदवही, तुमच्या कपाटात. ते वर्षाअखेरीस, मुदतवाढीचा प्रस्ताव करताना, एका बैठकीत, एकाच पेनने भरलं जातं. त्याची प्रत आम्हाला मिळत नाही. न्यायालय आमच्याकडे पुरावा मागतं आणि पुराव्याची वही आमच्याच प्रतिपक्षाच्या ताब्यात असते.

आम्ही स्वतः पत्रं लिहून पुरावा तयार करावा म्हटलं, तर काय होतं? आमच्या कामांच्या बी-१ या ठरावीक नमुन्यातल्या करारनाम्याचं कलम ६ सांगतं की अडथळा आल्यापासून ३० दिवसांत लेखी अर्ज करा. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५५ तर याहून कडक : वाढीव मुदत स्वीकारतानाच भरपाई मागणार असल्याची सूचना दिली नाही, तर हक्क जातो. म्हणून मी असं पत्र घेऊन गेले. दोन परिच्छेदांचं, सभ्य भाषेतलं. आवक शाखेतल्या बाईंनी ते वाचलं, आत नेलं, परत आणलं आणि म्हणाल्या, “मॅडम, साहेब म्हणतात हे आवक करू नका. शेवटचा परिच्छेद काढून आणा. कशाला वाकडं घेता?” शेवटचा परिच्छेद म्हणजे भरपाईची सूचना. मी पत्र ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पुढचं बिल नेहमीपेक्षा बराच काळ पडून राहिलं, आणि त्याचं कारण मला कुणी लेखी दिलं नाही.

कायद्याने सूचना मागायची आणि कार्यालयाने ती स्वीकारायची नाही, या कात्रीत छोटा कंत्राटदार सापडतो. त्यातून तो हमीपत्रावर सही करतो. त्याला मजुरांचे पैसे शनिवारी द्यायचे असतात.

करारातला एकतर्फीपणाही बघावा. आमच्याकडून उशीर झाला तर बी-१ च्या कलम २ प्रमाणे दिवसाला अंदाजपत्रकीय रकमेच्या एक टक्क्यापर्यंत आणि एकूण दहा टक्क्यांपर्यंत दंड लावता येतो. तुमच्याकडून झाला तर कॅलेंडरवरचे दिवस मिळतात, तेही हात बांधून. वाद झाला तर कलम ३० प्रमाणे निर्णय अधीक्षक अभियंत्याचा, त्यावर अपील मुख्य अभियंत्याकडे. विलंब कुणामुळे झाला हे ठरवणारा अधिकारी त्याच विभागाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जे. जी. इंजिनिअर्स विरुद्ध भारत सरकार या निकालात म्हटलं आहे की करारभंग कुणी केला हे करारातला एक पक्ष स्वतःच अंतिमरीत्या ठरवू शकत नाही. त्याच करार कायद्याचं कलम ५३ सांगतं की एका पक्षाने दुसऱ्याला काम करू दिलं नाही तर झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते, आणि कलम ७३ करारभंगाच्या भरपाईचं. ही कलमं दीडशे वर्षांहून जुनी आहेत. ‘विलंबापोटी दावा नाही’ अशा अटींवर न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत, हे मी लपवत नाही : २००७ मध्ये रामनाथ इंटरनॅशनल प्रकरणात अशी अट ग्राह्य धरली गेली, तर २००९ मध्ये एशियन टेक्स प्रकरणात सांगितलं गेलं की अशी अट विभागाला बांधते, लवादाला नाही. पण आम्हाला हमीपत्राची जबरदस्ती केली जाते ती या अटींच्याही वर, करारात नसलेली.

आणि एक गोष्ट मनाला फार लागते. प्रकल्प रेंगाळला की खर्च वाढतो, हे शासनाला उत्तम माहीत आहे. त्यासाठी सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता आहे. गोसीखुर्दला १९८३ मध्ये ३७२ कोटींची मान्यता होती. सुप्रमा मिळत मिळत तो आकडा १८ हजार कोटींच्या पुढे गेला. मुंबई मेट्रो-३ चा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर पोचला. डिसेंबर २०२३ च्या केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या अहवालात १५० कोटींवरच्या १,८२० प्रकल्पांपैकी ८४८ लांबलेले होते, आणि कारणांच्या यादीत भूसंपादन व वन-पर्यावरण परवानग्या ठळकपणे होत्या. काळ पुढे सरकला की पैसे लागतात, हे प्रकल्पाच्या फायलीवर मान्य. त्याच काळात, त्याच मातीत उभ्या असलेल्या कंत्राटदाराला मात्र काहीच लागलं नाही असं शपथेवर लिहून हवं.

याचा परिणाम फक्त आमच्यावर होत नाही. ज्याला हे सगळं माहीत आहे तो पुढच्या निविदेत दर वाढवून भरतो, म्हणजे पैसे जनतेचेच जातात. किंवा दर कमी भरतो आणि तोटा साहित्यात काढतो. सरळ काम करणारे हळूहळू निविदा भरणंच सोडतात. माझ्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी चांगले कंत्राटदार आज प्लॉटिंग करतात. आणि पुलाच्या पलीकडची गावं अजून पावसाळ्यात लांबच्या रस्त्याने दवाखाना गाठतात.

आमची चूक असेल तिथे दंड लावा, पूर्ण लावा. दोघांमुळे उशीर झाला असेल तर दिवसांची वाटणी करा. मागण्या अशा :

एक. मुदतवाढीच्या मंजुरीतून ‘विना नुकसानभरपाई’ हे शब्द आणि हमीपत्राची अट काढून टाका. मुदत किती वाढवायची आणि पैसे द्यायचे का, हे दोन वेगळे निर्णय आहेत. दोन वेगळ्या आदेशांनी, कारणांसह द्या.

दोन. जागा हातात आल्याशिवाय कार्यारंभ आदेश देऊ नका. राष्ट्रीय महामार्गांच्या ईपीसी करारांत (आराखडा, खरेदी आणि बांधकाम एकाच कंत्राटदाराकडे) ९० टक्के जागा ताब्यात देण्याची अट आहे. पूल असो की टाकी, ती अट राज्यातल्या प्रत्येक कामाला लावता येईल. खांब, पाइपलाइन आणि केबल हलवण्याचे पैसे संबंधित संस्थेकडे आधी भरा. पायाचे मंजूर नकाशे निविदेसोबत असू द्या.

तीन. हिंडरन्स रजिस्टर दरमहा दोन्ही पक्षांच्या सहीने भरा, ऑनलाइन ठेवा, त्याच दिवशी प्रत द्या. एकमत नसेल तर दोघांचं म्हणणं नोंदवा. कंत्राटदाराचं कोणतंही पत्र आवक करायला नकार देणं ही शिस्तभंगाची बाब आहे असं परिपत्रक काढा. या मागणीला एक रुपयाचाही खर्च नाही, आणि निम्मे वाद यानेच मिटतील असं माझं ठाम मत आहे.

चार. पडून राहिलेली मशिनरी, साइटवरचा कर्मचारीवर्ग आणि पाणी उपसा यांचे दर निविदेतच ठरवून द्या, भाववाढीचं कलम जसं असतं तसं. व्यत्ययासाठी मोकळ्या आणि अडलेल्या भागांच्या तुलनेची पद्धत मान्य करा, त्यासाठी कोणत्या नोंदी लागतील ते आधी सांगा. आम्ही त्या ठेवू.

पाच. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांप्रमाणे चालू बिलाच्या किमान ७५ टक्के रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत द्यायची असते. राज्यातही हे लागू करा, उशिरावर व्याज द्या. दाव्याचं पत्र आणि बिल यांचा एकमेकांशी संबंध लावला जाणार नाही, हे लेखी जाहीर करा.

सहा. विलंबाची जबाबदारी ठरवायला विभागाबाहेरचं मंडळ नेमा : एक निवृत्त न्यायाधीश, एक स्वतंत्र अभियंता, एक लेखापाल. काम चालू असतानाच, ठरावीक मुदतीत निर्णय. केंद्राने जून २०२४ पासून सरकारी करारांतला लवाद साधारणपणे १० कोटींच्या आतल्या वादांपुरता ठेवून मध्यस्थीवर भर द्यायला सांगितलं आहे. आमचे वाद त्या मर्यादेतच बसतात, पण करारात लवादाचं कलमच नसेल तर आमच्या वाट्याला दिवाणी न्यायालयाची वर्षंच येतात.

सात. आजवर घेतलेली हमीपत्रं दाखवून खरे दावे फेटाळू नका. दबावाखाली लिहून घेतलेल्या अशा ‘सर्व हिशेब मिटला’ छापाच्या कागदाने वाद आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बोघारा पॉलिफॅब प्रकरणात २००८ मध्येच सांगितलं आहे. ज्या मुदतवाढीच्या आदेशांत विलंब कार्यालयाचा असल्याचं विभागानेच लिहिलं आहे, ती प्रकरणं पुन्हा उघडा. कागद तुमचे, कबुली तुमची. तिथे चौकशीलाही फार वेळ लागणार नाही.

यापैकी पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मागणीला कायदा बदलावा लागत नाही. एक परिपत्रक पुरतं. पावसाळ्यानंतरच्या निविदा निघण्याआधी ते काढावं आणि कंत्राटदारांच्या संघटनांना चर्चेला बोलावून बाकीच्या मागण्यांवर लेखी उत्तर द्यावं, ही विनंती.

आपली,
एक स्थापत्य अभियंता व नोंदणीकृत शासकीय कंत्राटदार